कंबर म्हणजे नक्की कुठे? गरोदरपणातलं खुब्याचं दुखणं

नमस्कार! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न, पन्नास वेळा: "ताई, आठवा लागला, कंबर दुखतेय, हाडं ठिसूळ झाली का?"

हाडांचं आधी उरकते. बाळाच्या हाडांना साधारण 30 ग्रॅम कॅल्शियम लागतं, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. त्यासाठी आईचं आतडं जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषतं. अंगावर पाजताना हाडांची घनता 3 ते 5 टक्के उतरते, पाजणं थांबलं की बहुतेकींची भरून येते. म्हणजे नुसती कंबर दुखली म्हणून हाडं ठिसूळ झाली असं नाही. झालं.

आता माझं भांडण. कंबर म्हणजे कुठे हो? मराठीत बरगड्यांखालून मांडीपर्यंत सगळी कंबरच! बोट ठेवा. मागे, नितंबाच्या वर खळी पडते तिथे? किंवा पुढे, पोटाच्या खालच्या हाडावर, अगदी मधोमध? मग बहुधा ओटीपोटाचे सांधे. कूस बदलताना कळ येते ना? गुडघे जुळवून वळा, पायजमा बसून घाला.

पण बोट जांघेत गेलं तर थांबा. खुब्याचा सांधा बहुधा जांघेत दुखतो, कंबरेत नाही!

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, तरी माझ्या वेळी तीन तपासण्यांना "कंबर, कंबर" करत राहिले. चौथ्यांदा डॉक्टर म्हणाल्या, "बोट ठेवा." गेलं सरळ जांघेत. एमआरआय काढला (त्यात क्ष-किरण नसतात, घाबरू नका), तर खुब्याच्या हाडात सूज. याला तात्पुरता ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, म्हणजे तेवढं हाड काही काळ ठिसूळ होणं. विरळा आहे, बहुतेकींचा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. तोवर त्या पायावर भार टाकत राहिलं तर हाड मोडू शकतं, म्हणून मला कुबड्या दिल्या.

म्हणजे पडल्या पडल्या बरं वाटतं, पाय टेकला की जांघेत कळ, आणि घरचे म्हणतात "लंगडतेस का गं?" तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. व्यायामही नको, माझे व्हिडिओ बघून तर मुळीच नको.

बाळंतपणानंतर पाठीत अचानक असह्य कळ आली, उंची कमी वाटली, तर तेही दाखवा. क्वचित मणका दबलेला असतो.

एक काकू लिहितात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." होतं हो काकू, तुम्ही त्याला कंबर म्हणायचात!

तर खाली कॉमेंटमध्ये "कंबर" लिहिलंत, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बोट कुठे?