नाताळच्या सुट्टीतलं वाचन: पानांचा हिशेब

मंडळी, नाताळची सुट्टी जवळ आली की वाचणारा माणूस कपाटापुढे उभा राहतो आणि सहा-सात पुस्तकं बाजूला काढून ठेवतो. एक तारखेला त्यातली पाच न उघडताच परत जागेवर जातात. यात आळसाचा दोष नाही. पानांचा आणि तासांचा हिशेब आधी झालेला नसतो, म्हणून असं होतं.

तो हिशेब सोपा आहे. नेहमीच्या धाटणीचं पुस्तक घ्या आणि घड्याळ लावून दहा पानं वाचा. वीस मिनिटं लागली, तर तुमचा वेग तासाला ३० पानं. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हे नऊ दिवस. त्यातले २४, २५ आणि ३१ माणसांसाठी सोडा. उरले सहा. घर भरलेलं असताना रोज दीड तास निवांत मिळाला तरी पुष्कळ. म्हणजे नऊ तास, २७० पानं. तेव्हा एकच मध्यम कादंबरी ठेवा आणि जोडीला कथांचं किंवा कवितांचं एखादं पातळ पुस्तक. कथांचं पुस्तक हवंच, कारण दुपारी भरपेट जेवणानंतर डोळे मिटायला लागले की कादंबरीचं तेच पान तीनदा वाचलं जातं. पंधरा मिनिटांत संपणारी कथा मात्र तेव्हाही पुरी होते.

मोठी कादंबरी सुट्टीतच सुरू करायची म्हणून राखून ठेवतात, ही दुसरी चूक. कुठल्याही मोठ्या कादंबरीची पहिली चाळीस-पन्नास पानं सावकाश जातात, कारण नावं, नाती आणि जागा अजून डोक्यात बसायच्या असतात. नेमका तोच भाग गडबडीच्या दिवसांत आला की पुस्तक साठाव्या पानाच्या आसपास अडकतं. म्हणून १८-१९ तारखेलाच सुरुवात करा, रोज दहा पानं. २३ तारखेपर्यंत पन्नासएक पानं झालेली असतात आणि पुढे पुस्तकच तुम्हाला ओढून नेतं. खूण म्हणून कोरी चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर पात्रांची नावं, कोण कोणाचं कोण, एवढंच लिहा. दोन दिवसांचा खंड पडला तरी मागे जाऊन चाळावं लागत नाही. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर परतीची तारीख सुट्टीत पडते का ते आधीच बघा आणि मुदत वाढवून घ्या.

आता भेट आलेल्या पुस्तकांबद्दल. आइसलँडमध्ये २४ तारखेच्या संध्याकाळी एकमेकांना पुस्तकं द्यायची आणि रात्री ती वाचत बसायचं, अशी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे इतर आयात वस्तूंच्या मानाने कागदावरचे निर्बंध सौम्य होते, त्यामुळे पुस्तक ही नाताळची भेटवस्तू झाली. हंगामातल्या त्या पुस्तकांच्या लाटेला तिथले लोक ‘योलाबोकाफ्लोद’ म्हणतात, म्हणजे नाताळातला पुस्तकांचा पूर. फार सुंदर रीत आहे ही. पण नवंकोरं जाड पुस्तक हातात आल्यावर ते मधोमध फाडकन उघडू नका. पाठीवरचा डिंक तिथेच तडकतो आणि काही दिवसांत पानं सुटायला लागतात. पुस्तक टेबलावर पाठीवर उभं धरा. आधी पुढचा पुठ्ठा खाली टेकवा, मग मागचा. पुढून दहा-बारा पानं सोडा आणि शिवणीच्या कडेने वरून खाली बोट हलकेच फिरवा. मग मागून तेवढीच. असं आलटून पालटून मध्यापर्यंत या. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, पण पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं.

घरात सगळे जमलेले असताना एकट्याने पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणं अवघड जातं. अशा वेळी मोठ्याने वाचा. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, त्याने ती बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये लोकांना वाचून दाखवली, तेव्हा सुमारे तीन तास लागले. पुढच्या जाहीर वाचनांसाठी त्याने तिच्यात बरीच काटछाट केली. लेखकाने स्वतः कात्री लावली, तर आपणही वर्णनाचा एखादा परिच्छेद गाळायला संकोच करू नये. त्या गोष्टीचे पाच भाग आहेत. रोज एक घेतला तर पाच संध्याकाळी जातात. तिसरा सर्वांत लांब आहे, त्या दिवशी मुलं पेंगायच्या आत सुरुवात करा. पाचवा सर्वांत लहान. मोठ्याने वाचताना मनातल्या वाचनापेक्षा वेग बराच कमी होतो, घसाही कोरडा पडतो, म्हणून वीस मिनिटांनी पुस्तक दुसऱ्याच्या हातात द्या.

स्वतःच्या वाचनासाठी सकाळची वेळ धरा, घर जागं व्हायच्या आधीची. रंगीत दिव्यांच्या माळेखाली वाचू नका; ती शोभेला छान, पण अक्षरांवर पुरेसा उजेड पडत नाही आणि अर्ध्या तासात डोळे शिणतात. दिवा खांद्यामागून, पानावर पडेल असा लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि एक तारखेला पुस्तक अर्धं राहिलं असेल, तर कपाटात ठेवू नका. उशाशी ठेवा, चिठ्ठी त्याच पानात राहू द्या आणि रात्री दहा-दहा पानं वाचा. शंभर पानं उरली असली, तरी अकरा तारखेच्या आत संपतं.