टाच, बूट आणि खिशातला फोन

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहाटे धावणाऱ्यांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. सैन्यभरतीत १६०० मीटरची धाव द्यावी लागते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र तर बेळगावातच आहे. त्यामुळे खेड्यापाड्यांतली मुले शिवारातल्या वाटांवर सराव करतात. शहरात बँकेत, शाळेत, दुकानात दिवस घालवणारी चाळिशीतली माणसे बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपो या मोकळ्या आवाराच्या झाडीतून फेऱ्या मारतात. या दोघांपाठीमागे ना प्रशिक्षक असतो, ना फिजिओथेरपिस्ट. म्हणून जे दुखणे माणसाला आडवेही पाडत नाही आणि सुखाने धावूही देत नाही, त्याच्याविषयी आज मला सविस्तर बोलायचे आहे.

सगळ्यांत चिवट दुखणे टाचेच्या मागच्या जाड शिरेचे, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या अकिलीस कंडरेचे. सकाळी बिछान्यातून उठून पहिली पाच-दहा पावले टाकताना ती आखडलेली असते, चिमटीत धरली तर दुखते, थोडी जाडसरही लागते. घरातल्या घरात जरा चालले की ती सैल होते, आणि म्हणूनच माणूस फसतो. छाती आणि स्नायू काही आठवड्यांच्या सरावाने तयार होतात. कंडरेला मात्र रक्तपुरवठा कमी असल्यामुळे तिला तयार व्हायला कितीतरी जास्त काळ लागतो. दम टिकतो म्हणून अंतर वाढवले जाते आणि तो वाढीव भार कंडरेवर पडतो. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर दोन महिन्यांत सगळी कसर भरून काढू पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

अशा वेळी एक तर दुखणे अंगावर काढले जाते, नाहीतर महिनाभर पूर्ण विश्रांती घेतली जाते. पूर्ण विश्रांतीत दुखणे थांबते खरे, पण कंडरा आणखी कमजोर होते आणि पुन्हा धावायला लागताच कुरबूर परत सुरू होते. स्वीडनमधील शल्यविशारद हाकान अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली यावर भार देण्याचाच उपाय मांडला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून दोन्ही पायांनी वर उठायचे आणि दुखऱ्या पायावर सावकाश खाली यायचे. गुडघा ताठ ठेवून १५ वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढेच, असे सकाळ-संध्याकाळ १२ आठवडे करायचे. दुखणे कंडरेच्या मध्यभागी असेल तेव्हाच हे असे करावे. ते अगदी टाचेच्या हाडापाशी असेल, तर टाच पायरीच्या खाली न नेता सपाट फरशीवर व्यायाम करावा. व्यायामात थोडे दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे आदल्या सकाळपेक्षा वाढलेले नसावे.

तालमीत वाढलेल्या आपल्या भागात तेल लावून रगडण्यावर फार विश्वास आहे. त्याने बरे वाटते आणि ते वाटणे खोटे नसते, पण नुकत्याच मुरगळून सुजलेल्या घोट्याला जोराने रगडू नये. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणे तर मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण थांबण्याचा इशारा देणारी वेदनाच तिने दबून जाते. पोटरीच्या मागे कुणी लाथ मारावी तसा अचानक झटका बसला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घेऊन धावणे थांबवावे आणि तपासून घ्यावे.

आता बुटांकडे वळू. धावण्याच्या बुटाचा मधला फोमचा थर साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतो, मग वरचे कापड कितीही नवे दिसो. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावेत, एक टाच आत किंवा बाहेर कललेली असेल तर ते बदलावेत. जाड टाचेच्या बुटांतून एकदम सपाट बुटांत गेल्यास कंडरेवर ताण वाढतो, म्हणून तो बदल हळूहळू करावा. आपल्याकडे जूनपासून पाऊस लागला की बूट दिवसेंदिवस वाळत नाहीत. तेव्हा आतला तळवा बाहेर काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते भिजले की बदलावेत आणि बूट पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच कडेने धावल्यास एक पाय सतत खाली पडतो. शक्य तिथे सपाट मातीची वाट धरावी.

हे सगळे लक्षात कसे ठेवायचे? इथे फोन उपयोगी पडतो. अंतर, त्या दिवशीचा बूट आणि दुसऱ्या सकाळचे दुखणे शून्य ते दहाच्या मापात, एवढी नोंद रोज करावी. दाट झाडीत किंवा उंच इमारतींजवळ जीपीएसचे अंतर चुकते, म्हणून १६०० मीटरची वेळ ४०० मीटरच्या आखलेल्या मैदानावर चार फेऱ्या मारूनच घ्यावी.

ज्या फोनवर ही नोंद आहे तो जपलाही पाहिजे. फोन पाण्या-धुळीला किती टिकतो हे सांगणाऱ्या आयपी ६७ दर्जाची चाचणी एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास होते, खारट घामाची हमी तो दर्जा देत नाही आणि आतले रबरी बंधही काळाने सैल पडतात. धावून आल्यावर फोन किंचित ओल्या फडक्याने पुसून मग कोरडा करावा. चार्जिंगचे छिद्र ओले असताना वायर जोडू नये, त्याने आतल्या पिना गंजतात. छिद्र खाली करून फोन हळूच थोपटावा आणि वाऱ्यावर ठेवावा. फोन तांदळात पुरण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण तांदळाचे कण आत जातात. ॲपलनेही तसे करू नका असेच सांगितले आहे. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत फोन ठेवणे आणि तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावणे, दोन्ही टाळावे. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो दाबू नये, टोचू नये, तसाच दुरुस्तीच्या दुकानात द्यावा. आणि नोंदीची एक प्रत वहीत असू द्यावी.

दवाखान्यात गेल्यावर कधीपासून दुखते आणि त्याआधी सरावात काय बदल केला, हे डॉक्टर विचारणारच. तेव्हा मागच्या सहा आठवड्यांची नोंद त्यांच्यापुढे ठेवावी आणि झिजलेले बूटही पिशवीत घालून सोबत न्यावेत.