दमानं घे

(पडदा काळा. लाकडावर लोखंड घासल्याचा आवाज.)

हा आवाज आधी नीट ऐकून घ्या. जहाजाच्या पोटात कुणीतरी साखळी ओढत येतंय. साखळीच्या टोकाला माणसाएवढा लोखंडी गोळा आहे. दुसऱ्या हाताला तसाच दुसरा.

(दृश्य: ओनर्योकी. लगेच, विल्यम कोसळतो.)

आणि ही मी गेले. म्हणजे मी खेळवते तो विल्यम. लढाई सुरू होऊन पुरते दहा सेकंदही झाले नव्हते.

या राक्षसाचं नाव ओनर्योकी. व्हिडिओ गेमचं नाव ‘निओ’. प्लेस्टेशन फोरवर तो फेब्रुवारी 2017 मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पीसीवर. जपानमधल्या पहिल्याच मोठ्या मिशनच्या शेवटी हा ओनर्योकी बसवलेला आहे. गेम विकत घेऊन हौसेनं बसलेल्या कितीतरी जणांचा कंट्रोलर इथंच पहिल्यांदा सोफ्यावर आपटला असेल. माझा आपटला. सोफा मऊ होता म्हणून बरं.

मी तीन संध्याकाळी त्याच्यापुढे हरत होते. हातात दोन तलवारी घेऊन, बटणं बडवत. चौकोन, चौकोन, चौकोन, चौकोन. चौथ्या वाराला विल्यम थांबायचा, वाकायचा आणि धापा टाकायला लागायचा. मग वरून गोळा.

शेजारी माझा भाचा बसला होता, वय वर्षं चौदा. तो चिवडा खात खात म्हणाला, “मावशी, त्याला दम लागलाय. दम खाऊ दे की त्याला.”

तेव्हा मी त्याला दम दिला आणि गप्प बसवलं. पण तो बोलला होता ते अगदी बरोबर होतं.

(दृश्य: पडद्याचा डावा वरचा कोपरा, जवळून. दोन पट्ट्या.)

वरची पट्टी जिवाची. खालची ‘की’ची. ‘की’ हा जपानी शब्द. श्वास, प्राण, ऊर्जा असे त्याचे बरेच अर्थ लावता येतील. पण गेम खेळणाऱ्या मराठी माणसाला एकच शब्द पुरे आहे: दम. वार केला की दम जातो. वार अडवला तरी जातो. बाजूला उडी मारली, पळालात, तरी जातो. पट्टी रिकामी असताना समोरून फटका बसला की तुम्ही जागच्या जागी लटपटता, आणि पुढचा घाव थेट जिवाच्या पट्टीवर.

दम संपणं हे तसं नवीन नाही. अशा बहुतेक गेममध्ये स्टॅमिनाची पट्टी असतेच. दोन पावलं मागं सरायचं, पट्टी भरेपर्यंत वाट बघायची, पुन्हा आत शिरायचं. ‘निओ’नं यात एक बारीकशी खोच ठेवली आहे, आणि सगळी लढाई त्या खोचेवर फिरते.

हे हळू गतीत बघा.

(दृश्य: हळू गती. तीन वार.)

एक. दोन. तीन. तिसरा वार संपला. पट्टीचा खर्च झालेला भाग आता रिकामा दिसतोय. पण त्याच रिकाम्या जागेत एक पांढुरका पट्टा भरत चाललाय. इकडे विल्यमच्या अंगाभोवती निळसर ठिणग्या गोळा होताहेत. पांढरा पट्टा जितका भरेल, तितका दम आर-वन बटण दाबल्यावर झटक्यात परत मिळतो. आधी दाबलं तर चिमूटभर. उशीर केला तर ठिणग्या विरतात आणि हाती काहीच लागत नाही. अगदी भरल्या क्षणी दाबलं तर खर्च केलेला दम जवळपास सगळा पदरात.

याला ‘की पल्स’ म्हणतात.

कागदावर हे सोपं वाटतं. पण खेळताना तो क्षण नेमका तेव्हा येतो, जेव्हा तुमच्या अंगठ्याला आणखी एक वार हवा असतो. समोरचा डगमगतोय, आणखी एक फटका आणि तो पडणार, अशी जीभ चाळवलेली असते. त्याच वेळी थांबायचं. तबल्यावर समेची वाट बघावी तसं. मात्रा अजून आलेली नाही, हात वर आहे, आणि घाई केली तर मैफलीत सगळ्यांना कळणार.

पहिल्या संध्याकाळी मला हे जमलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी जमायला लागलं, तर मी फक्त पट्टीकडेच बघत बसले आणि राक्षस कुठं आहे ते बघायचं विसरले. निकाल तोच.

(दृश्य: इंग्लंड. काळोखी कोठडी.)

हा विल्यम कोण, तेही सांगायला हवं. इतिहासात विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज नाविक होऊन गेला. 1598 मध्ये रॉटरडॅमहून निघालेल्या पाच जहाजांपैकी ‘लीफ्डे’ या जहाजावरून तो एप्रिल 1600 मध्ये जपानच्या क्यूशू बेटावर पोचला. पोचले तेव्हा जहाजावरची माणसं अर्धमेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, तोकुगावा इएयासू या सरदाराचा वरचष्मा झाला, आणि हा परका नाविक इएयासूचा सल्लागार बनला. त्याला सामुराईचा मान मिळाला. जपानी लोक त्याला मिउरा आंजिन म्हणत. आंजिन म्हणजे सुकाणू सांभाळणारा, तांडेल. 1620 मध्ये तो हिरादोला वारला, मायदेशी परत न जाता.

गेमनं एवढा सांगाडा घेतला आणि त्यावर भुतं-राक्षस चढवले. गेममधला विल्यम टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात भेटतो आणि आपल्यापासून हिरावलेल्या एका आत्म्याच्या शोधात जपान गाठतो. कथा मला फारशी पकडू शकली नाही, खरं सांगते. नावं येतात, जातात, कोण कुणाच्या बाजूनं हे कळेपर्यंत मिशन संपतं. पण हा गेम जन्माला कसा आला, ती कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. कोएई कंपनीनं तो 2005 मध्ये जाहीर केला होता, प्लेस्टेशन थ्रीसाठी, चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या एका अपुऱ्या राहिलेल्या पटकथेच्या आधारानं. मग काम पुन्हा पुन्हा मोडलं गेलं, नव्यानं मांडलं गेलं, आणि अखेर ‘निंजा गायडेन’ हा गेम करणाऱ्या टीम निंजाच्या हाती आलं. जाहीर झाल्यापासून दुकानात यायला बारा वर्षं. त्या अवधीत गेमचं यंत्रच बदललं, थ्रीचं फोर झालं.

(दृश्य: विल्यम तलवार डोक्यावर धरतो, मग छातीसमोर, मग खाली.)

तलवार धरण्याच्या तीन पद्धती इथे दिसताहेत. वरची, मधली, खालची. जपानी नावं जोदान, चूदान, गेदान; केंडो या जपानी तलवारबाजीच्या आखाड्यातही हेच शब्द कानावर पडतात. वरच्या पवित्र्यात वार जड, पण दम भसाभस जातो. खालच्यात वार हलका, पण सटकणं स्वस्त. मधला पवित्रा अडवायला बरा. पवित्रा बदलायचा तर आर-वन धरून त्रिकोण, चौकोन किंवा फुली.

आता बटण लक्षात घ्या. दम परत घ्यायचा, तेही आर-वन. पवित्रा बदलायचा, तेही आर-वन. हा योगायोग नाही. ‘फ्लक्स’ नावाचं कौशल्य शिकलात की दम घेता घेता पवित्राही बदललात तर वर थोडा जास्तीचा दम मिळतो. म्हणजे वरून जड वार, क्षणभर थांबा, आर-वन आणि फुली, खालच्या पवित्र्यात उतरून बाजूला. पुन्हा वार, पुन्हा थांबा, आर-वन आणि त्रिकोण. हे हाताला बसलं की बोटं आपोआप विणकामासारखी चालतात, एक सुलट, एक उलट. मला ते बसायला पुष्कळ दिवस लागले आणि अजूनही कुणी बघत असलं की टाका सुटतो.

(दृश्य: गावातल्या गल्लीत एकशिंगी राक्षस. जमिनीवर काळपट धुकं.)

याला योकी म्हणतात. हातात कुऱ्हाड, डोक्यावर शिंग. हा बॉस, म्हणजे मिशनच्या शेवटचा मोठा राक्षस, नाही; वाटेवर भेटणारा साधा राक्षस. साधा हा शब्द गेमच्या हिशेबानं. त्याच्या पायाखाली जमिनीवर काळपट डबकं पसरलंय, ते बघितलंत? राक्षस अशी डबकी सांडत फिरतात. त्यात तुम्ही उभे असाल तर तुमचा दम रखडत रखडत भरतो, आणि त्याचा मात्र भराभर. डबकं पुसायचा उपाय? त्यात उभं राहून वेळेवर की पल्स. दम परत मिळतो आणि काळोखही फिटतो, एकाच बटणात.

इथं मला हा गेम खरोखर आवडायला लागला. नवशिक्याला वाटतं, डबकं दिसलं की लांब पळावं. गेम म्हणतो, आत ये, वार कर, आणि तिथंच उभा राहून श्वास घे. जिथून पळावंसं वाटतं नेमकं तिथं थांबायला लावतो. आणि योकीचं शिंग? वरच्या पवित्र्यातून तलवार तिथवर पोचते. शिंगावर घाव बसला की त्याचाच दम खचतो. मग धापा टाकायची पाळी त्याची.

(दृश्य: केंडोचे दोन खेळाडू. एकाचा वार लागतो. तो पुढं जाऊन वळतो, बांबूची तलवार रोखूनच.)

हे दोघं गेममधले नाहीत. पण यांना इथं आणायचं कारण आहे. जपानी आवृत्तीत ‘की पल्स’ला ‘झानशिन’ म्हणतात. शब्दशः, मागं उरलेलं मन. केंडोत हा शब्द नियमाचा आहे. वार अचूक लागला, पण मारणारा लगेच सैल पडला, लक्ष काढून घेतलं, तर गुण मिळत नाही. गुण मिळाला म्हणून आनंदानं हात उंचावला, तरी मिळालेला गुण रद्द होऊ शकतो. आपला वार बसला हे ठाऊक असूनही पुढच्यासाठी तयार राहायचं, हे दिसावं लागतं. इंग्रजी आवृत्तीतल्या ‘की पल्स’मध्ये बटण कळतं, पण हा भाग निसटतो. मला तो कळला तेव्हा पट्टीकडे बघणं कमी झालं. मी विल्यमच्या खांद्यांकडे बघायला लागले. वार संपल्यावर खांदे खाली येतात. तिथं आर-वन.

खेळणाऱ्यांचं म्हणणं या गेमनं ऐकलंही. एप्रिल 2016 मध्ये गेमची कच्ची आवृत्ती सगळ्यांना फुकट खेळायला दिली होती. तिच्यात शस्त्रं झिजायची. भर लढाईत तलवार निकामी व्हायची. लोकांनी तक्रारी केल्या आणि तो प्रकार पूर्ण गेममधून काढून टाकला. माझं कुणी ऐकलं असतं तर मी आणखी एक गोष्ट काढायला लावली असती. प्रत्येक मेलेल्या शत्रूपाशी पडणारा चिलखतांचा आणि तलवारींचा ढीग. तासभर खेळावं आणि अर्धा तास भंगार निवडत बसावं. जुन्या बाजारात गेल्यासारखं.

(दृश्य: जमिनीत रोवलेल्या तलवारी, भोवती लालसर प्रकाश.)

ही थडगी आहेत. दुसऱ्या खेळाडूंची, खरोखरच्या माणसांची. जगात कुठंतरी बसलेला कुणीतरी नेमक्या या जागी मेला. जवळ गेलं की त्याचं नाव दिसतं आणि तो कशानं मेला तेही लिहिलेलं असतं. हवं तर त्याला उठवून त्याच्याशी लढता येतं. ओनर्योकीच्या वाटेवर अशी थडगी दाटीनं दिसायची. पहिल्या संध्याकाळी मी ती ओलांडून धावत जायची. तिसऱ्या संध्याकाळी वाचत वाचत जायला लागले. अमका राक्षसाच्या हातून. तमका कड्यावरून पडून. कड्यावरून पडलेले वाचून फार बरं वाटायचं.

तुम्ही मेलात की तुमचा संरक्षक आत्मा तुमच्या थडग्यापाशी राहतो, तुम्ही साठवलेलं अमृत सांभाळत. हो, अमृतच. या गेममध्ये अनुभवाच्या गुणांना ‘अमृता’ म्हणतात. आपला संस्कृत शब्द जपान फिरून दिवाणखान्यात आला. तिथवर पुन्हा पोचायच्या आत मेलात तर सांडलं. माझं किती सांडलं त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

(दृश्य: पुन्हा जहाज. साखळीचा आवाज.)

चौथी संध्याकाळ. यावेळी मी दोन तलवारी ठेवून भाला घेतला होता. ओनर्योकी उजवा गोळा उचलतो. मी थांबते. गोळा आडवा फिरतो, मी मागं. तो दुसरा गोळा डोक्यावर घेतो, आता तो आपटणार. मी पुढं, त्याच्या काखेखालून पाठीमागं. दोन वार. फक्त दोन. तिसऱ्याला जागा आहे, दिसतेय मला. पण खांदे खाली आले. आर-वन. निळा झोत. बाजूला. पुन्हा दोन.

अर्धी लढाई झाली की साखळ्या तुटतात आणि तो अचानक चपळ होतो. इथं मी आधी तीनदा मेले होते. भाचा उठून उभा राहिला होता, चिवड्याचा वाडगा हातात तसाच.

“दमानं, मावशी,” तो म्हणाला. ओरडला नाही.

(दृश्य: ओनर्योकी गुडघ्यावर येतो, कोसळतो.)

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. अंगठ्याला घाम होता. भाच्यानं विचारलं, “पुढचं मिशन बघूया का, नुसतं बघूया?”

नुसतं बघायला म्हणून पुढं गेलो. त्या मिशनच्या शेवटी हिनो-एन्मा नावाची बाई आहे. हवेत तरंगते, आणि तिच्या विखारी वारानं अंग लुळं पडतं. लुळं पडल्यावर आर-वन दाबून काही होत नाही. काहीच दाबून काही होत नाही.

(दृश्य: जमिनीत रोवलेली तलवार, लाल प्रकाश. पडदा काळा.)