पडदा धरणारे हात

[दृश्य : काळोख. पितळेच्या उंच दिव्याची ज्योत.]

केरळ. कथकलीची रात्र. दिव्यामागे दोन माणसं उभी आहेत आणि त्यांच्या हातांत रंगीत कापडाचा आडवा पडदा आहे. तिरश्शीला. त्याला ना दोरी, ना कप्पी. दोघांनी दोन टोकं धरली आहेत, एवढंच.

चेंडा या ढोलाचा आवाज चढतो. पडद्यामागे कोणीतरी गरजतं. वरच्या काठावर बोटं येतात, लांब रुपेरी नखांची. मग मुकुट दिसतो. कापड थरथरतं, खाली ओढलं जातं, चेहरा क्षणभर दिसतो आणि पुन्हा झाकला जातो. हे तिरनोट्टम, पडद्यावरून पाहणं. रावणासारख्या दर्पिष्ठ, उग्र पात्रांचा हा मान. कापड कुठे ताणायचं आणि कुठे सैल सोडायचं, हे त्या दोघांच्या मनगटांना उमगलेलं नसेल, तर नट कितीही मोठा असो, रावण उभा राहत नाही.

[दृश्य : दगडी रोमन नाट्यगृह. मंचासमोरची लांब चर.]

नाटकाचा पडदा वर जातो आणि खेळ सुरू होतो, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. रोमन लोकांचं उलट होतं. त्यांचा पडदा नाटकाच्या आरंभी खाली पडायचा, मंचासमोरच्या या चरीत. खेळ संपला की तो वर चढायचा. त्यावर माणसांची चित्रं असायची. जमिनीतून उगवणाऱ्या योद्ध्यांचं वर्णन करताना ओविड या कवीला नेमका हाच पडदा आठवला : आधी चेहरे वर येतात, मग धड, आणि शेवटी पावलं काठावर टेकतात. फ्रान्समधल्या आर्लच्या नाट्यगृहात ही चर आजही दिसते. कापड केव्हाच गेलं, त्याची जागा तेवढी दगडात राहिली.

संस्कृत रंगभूमीवरही पडद्याला काम होतं. नाट्यशास्त्रात पूर्वरंगाची, म्हणजे नाटकाआधीच्या विधींची, पहिली नऊ अंगं यवनिकेच्या, म्हणजे पडद्याच्या, आड होतात. वाद्यं मांडली जातात, स्वर जुळवले जातात, आणि प्रेक्षकाच्या कानावर नाटक डोळ्यांआधी येतं. पात्र लगबगीने यायचं असेल तर सूचना असते, ‘पटाक्षेपेण’. पडदा झटकून आत ये. म्हणजे पटाक्षेप हा प्रवेश होता. आज तोच शब्द ऐकला की आपल्याला शेवट आठवतो! नेपथ्याचंही तसंच. मुळात ती पडद्यामागची रंगभूषा-वेशभूषेची जागा. मराठी नाटकाच्या श्रेयनामावलीत मात्र नेपथ्य म्हणजे मंचावर उभी केलेली रचना. मागे दडलेली गोष्ट पुढे आली आणि नाव तेच राहिलं.

[दृश्य : पार्मा, तेआत्रो फार्नेझे. भव्य कमान.]

इटलीतल्या पार्मामध्ये 1618 साली बांधलेल्या या नाट्यगृहात मंचाला कायमची चौकट मिळाली. पुढे हीच रचना जगभर गेली, इतकी की पुष्कळांना ती नाट्यगृहाची स्वाभाविक रचना वाटू लागली. ती एका देशातल्या, एका काळाच्या दरबारी अभिरुचीतून आलेली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. त्या चौकटीत मागाहून आणखी एक पडदा आला, आग अडवणारा. 1903 च्या डिसेंबरमध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये आग लागली तेव्हा तो पडदा खाली येता येता अडकला. 600 हून अधिक माणसं गेली.

[दृश्य : काबुकी. काळा, तांबूस-तपकिरी आणि हिरवा, असे उभे पट्टे.]

हा काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचा पडदा. लाकडी ठोकळ्यांचा ठोका वेग घेत जातो आणि एक माणूस पडदा हाताने ओढत मंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. दिसायला साधं कापड, पण एडो काळात, म्हणजे जपानवर शोगुनांची सत्ता असताना, बाजूला सरकणारा पडदा लावण्याचा हक्क सरकारी परवाना असलेल्या मोठ्या नाट्यगृहांनाच होता. छोट्यांनी वरून खाली पडणारा पडदा, दोन्चो, वापरायचा. तिथल्या नटांना ‘दोन्चोवाले’ म्हणून हिणवलं जाई. आज जपानच्या मोठमोठ्या नाट्यगृहांत भरजरी दोन्चो दिमाखात लटकतात. त्या नटांना हे पाहायला मिळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणूनच नेपथ्यकाराने रंग आणि नक्षी उचलून ‘परंपरेतून प्रेरणा घेतली’ असं म्हटलेलं मला पुरेसं वाटत नाही. हे तीन पट्टे कुठल्याही मंचावर छापून टांगता येतील. त्यांच्यातली हक्काची भाषा, तो ठोका, ती धाव कापडावर छापता येत नाही. बर्लिनमध्ये जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी तारेवर सरकणारा अर्ध्या उंचीचा पडदा वापरला. वरून मंचावरची हालचाल दिसत राही, हे नाटक आहे याची आठवण प्रेक्षकाला राही. उंचीने तो तिरश्शीलेच्या जवळचा. पण एक भुरळ घालतो, दुसरा भुरळ पडू देत नाही. नेपथ्यकाराने कापडाचं माप घेण्याआधी हा फरक समजून घ्यायला हवा.

[दृश्य : नो रंगमंच. डावीकडे लांब लाकडी पूल, कडेला पाइनची तीन झाडं.]

नो हे जपानचं मुखवट्यांचं नाट्य. त्याच्या मंचावर मुख्य पडदा नाहीच. पाठीमागच्या फळीवर रंगवलेला पाइन वृक्ष, प्रत्येक नाटकाला तोच. पडदा आहे तो पुलाच्या पार टोकाला, पाच रंगांचा. खालच्या दोन कोपऱ्यांना बांबू बांधलेले. कधी कधी तो थोडाच उचलला जातो आणि नटाचा कमरेखालचा भाग तेवढा दिसतो. कथकलीत मुकुट आधी, इथे पावलं आधी.

पडद्यामागे आरशाची खोली आहे. मुखवटा चढवलेला नट तिथे स्वतःकडे पाहत बसलेला असतो. पुलाकडेच्या झाडांत मंचाजवळचं सर्वांत मोठं, पडद्याजवळचं सर्वांत लहान, म्हणून नटाची वाट आहे त्याहून लांब भासते.

बासरी वाजते. नट उठतो. पडद्यासमोर थांबतो आणि हलक्या आवाजात एकच शब्द म्हणतो.

ओमाकु. पडदा.

दोन सेवक बांबू उचलतात.