पाणी किती फूट? दवंडीपासून मोबाइलपर्यंत एका आकड्याचा प्रवास

(दृश्य: कसबा बावडा. राजाराम बंधारा, वर चढणारं गढूळ पाणी, मोजपट्टीवरचे आकडे.)

जुलै लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न ऐकू येतो. पाणी किती फूट? कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे कुणी विचारत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचीच पातळी विचारलेली असते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. आकडा ३९ कडे सरकायला लागला की प्रयाग चिखली, आंबेवाडीत जनावरं कधी हलवायची याचा हिशेब सुरू होतो.

हाच आकडा घेऊन आपण माध्यमांचा इतिहास बघू या. निरोप तोच ठेवला आणि वाहक बदलत गेलो, की प्रत्येक माध्यमाची ताकद दिसते आणि ते कुठं गळतं तेही दिसतं. पुराच्या निरोपात चार गोष्टी लागतात. कुठं, किती, केव्हा आणि सांगतंय कोण. यातली एक जरी वाटेत पडली, तरी ऐकणारा चुकीच्या वेळी घर सोडतो, किंवा वेळेत सोडत नाही.

(दृश्य: वाळलेल्या पाल्याचा जाळ, त्यावर धरलेली हलगी.)

गावाला निरोप द्यायचा तर दवंडी. चावडीत कोतवालाला मजकूर सांगितला जायचा आणि हलगी घेऊन तो निघायचा. हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. पावसाळी हवेत हे कातडं ओल धरतं, सैल पडतं. मग कडकडाट व्हायच्या जागी नुसती धपधप होते आणि आवाज दुसऱ्या गल्लीतसुद्धा पोचत नाही. त्यासाठी निघायच्या आधी वाळलेल्या पाल्याचा जाळ करून हलगी शेकायची. बोटानं टिचकी मारली की आवाज खणखणीत आला पाहिजे. जाळाजवळ जास्त वेळ राहिली तर कातडं तडकतं. भर पावसात दवंडी द्यायची तर हलगी घोंगड्याखाली धरून न्यायची, दोन चौक झाले की पुन्हा शेकायची.

दवंडी चालत्या पायी देत नाहीत. पार, वेस, मारुतीचं देऊळ, तालीम अशा ठरलेल्या जागी उभं राहायचं. आधी नुसती हलगी वाजवायची, माणसं दारात येईपर्यंत. मग हलगी थांबवून, ‘ऐका हो ऐका’ म्हणून, मजकूर तुकड्यातुकड्यानं सांगायचा. एका दमात एकच गोष्ट. आणि मग थोडं थांबायचं, कारण लोक विचारणार. कुठपर्यंत आलंय? मळ्याच्या वाटेवर चढलं काय? हे विचारता येणं दवंडीचं फार मोठं बळ होतं. पुढच्या दीडशे वर्षांत आलेल्या बहुतेक माध्यमांनी ते गमावलं. सांगणारा ओळखीचा होता आणि त्याला तिथंच अडवता येत होतं.

उणीव होती ती अंतराची. दवंडी गावठाणात फिरते. मळ्यातली वस्ती, नदीकाठच्या शेतातलं एकटं घर ही तिच्या वाटेवर येत नाहीत. पूर मात्र तिथंच आधी शिरतो.

(दृश्य: छापखाना. खिळ्यांची केस, जुळाऱ्याची बोटं.)

मग आलं छापील पान. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओतलेले खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, त्यांची घराघरांची लाकडी केस, आणि एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये ओळ बसवणारा जुळारी. इंग्रजीला केसमधली जेवढी घरं पुरतात, त्याच्या कितीतरी पट घरं मराठीला लागतात. जोडाक्षरं आणि काना-मात्रा-वेलांट्या असलेली अक्षरं, सगळ्यांना वेगळे खिळे. ओळी उलट्या वाचत जुळवायच्या, गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, दोऱ्यानं बांधायच्या, प्रूफ काढायचं, दुरुस्ती करायची, मग चौकटीत पाचर ठोकून घट्ट करून यंत्रावर चढवायच्या. छपाई झाली की प्रत्येक खिळा धुऊन आपापल्या घरात परत टाकायचा. आकड्याची चूक नेमकी इथं शिरायची. २ चा खिळा काल ३ च्या घरात पडलेला असेल, तर आज जुळारी न बघता उचलणार आणि ४३ चे ४२ होणार. मुरलेला जुळारी आकडा तेवढा डोळ्यांनी तपासून उचलायचा.

छापील आकड्याला वयही असतं. रात्री बाराला मजकूर बंद झाला आणि वाचकानं सकाळी आठला पान उघडलं, तर आकडा आठ तास जुना. नदी ताशी दोन-तीन इंचांनी चढत असेल, तर तेवढ्यात सव्वा ते दोन फुटांचा फरक पडतो.

पण छापील पानानं एक गोष्ट दिली, ती आजही तोलामोलाची आहे. सांगणाऱ्याचं नाव. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि छापण्याचं ठिकाण सक्तीचं झालं. या नावाची किंमत काय असते, हे कोल्हापूरच्याच प्रकरणानं महाराष्ट्राला दाखवलं. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळाबद्दल कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं टीका केली. आधार म्हणून वापरलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली. टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू चांगला होता, मजकूर खोटा निघाला, आणि जबाबदारी नाव छापणाऱ्यांवर आली. मजकूर पुढं पाठवण्याआधी कागद तपासून घ्यायचा, हा धडा इतक्या जुन्या काळी आपल्याला मिळालेला आहे. पुढं ग. गो. जाधव यांचा ‘पुढारी’ १९३९ पासून कोल्हापुरातून दैनिक म्हणून निघू लागला आणि नदीचा आकडा रोजच्या वाचनात येऊन बसला.

(दृश्य: जुना कॅमेरा, फिल्मची रिळं.)

चित्रपटाबद्दल इथं थोडक्यात. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२९ मध्ये प्रभात कंपनी इथंच उभी राहिली. या गावाला हलत्या चित्राची भाषा फार लवकर आली. मात्र तातडीच्या निरोपाला फिल्म कधीच उपयोगी पडली नाही. ती धुवायची, तोडायची, जोडायची, प्रती काढायच्या. समाचारचित्र थिएटरात लागेपर्यंत पाणी ओसरून शेतं वाळलेली असायची.

(दृश्य: कोनाड्यातला ट्रान्झिस्टर.)

तातडी आली रेडिओबरोबर. १९६३ मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. मध्यम लहरी जमिनीच्या कडेकडेनं पुढं सरकतात, त्यामुळं डोंगराआडच्या वाडीतही आवाज पोचतो. एफएमचा आवाज स्वच्छ, पण मध्ये डोंगर आला की तो अडतो. गगनबावडा, शाहूवाडीच्या बाजूला हा फरक लगेच कळतो.

पुरात वीज गेली तरी सेलवरचा ट्रान्झिस्टर चालतो. खरखर असेल तर आधी जवळचा इन्व्हर्टर, चार्जर बंद करून बघावा. मग संच जागेवरच हळूहळू फिरवावा. मध्यम लहरी पकडणारी फेराइटची कांडी आत आडवी बसवलेली असते. तिचं टोक केंद्राच्या दिशेला असेल तर आवाज पडतो, ती आडवी आली की वाढतो. ओले किंवा गळके सेल ठेवले तर पत्र्या गंजतात आणि ऐन वेळी संच मुका होतो. सेल बाहेर काढून कोरड्या डब्यात ठेवायचे.

रेडिओचं दुखणं एवढंच, की बातमीपत्र हुकलं की आकडा हुकला. आणि उलट प्रश्न विचारायची सोय नाही.

(दृश्य: टपावर दोन कर्णे बांधलेली रिक्षा, शुक्रवार पेठ.)

शहरात दवंडीची जागा घेतली रिक्षावरच्या कर्ण्यानं. बारा व्होल्टची बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर, माइक आणि दोन कर्णे, एक पुढं, एक मागं. इथं सगळा खेळ वेगाचा. कर्णा स्पष्ट ऐकू येतो तो साधारण शंभर मीटर अलीकडं आणि शंभर मीटर पलीकडं, असं धरू. रिक्षा ताशी १५ किलोमीटरनं गेली तर सेकंदाला चार मीटरच्या आसपास. म्हणजे एका दाराला पाऊणएक मिनिट मिळतं, वीस सेकंदांची सूचना दोनदा ऐकू येते. तीच रिक्षा ताशी ३० नं पळवली, तर दार-खिडक्या लावून बसलेल्या घराला एखादं अर्धवट वाक्य मिळतं. ‘...स्थलांतरित व्हावे’. कुणी, कधी, कुठं? बोळात दोन्ही भिंतींवरून आवाज परततो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. तिथं रिक्षा उभी करून, आवाज थोडा कमी करून, सावकाश बोलावं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर देवनागरी संदेश.)

आता डिजिटल. आधी एसएमएस. एका संदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजीची त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीच्या फक्त ७० जागा. आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळे वेगळी जागा खातात. ‘कोल्हापूर’ दिसायला चार अक्षरी, पण जागा नऊ. आता हा संदेश बघा: ‘राजाराम बंधारा 39 फूट. नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावे.’ ६१ जागा झाल्या. पुढं ‘सकाळी 8 वा.’ लिहायचं तर मधल्या मोकळ्या जागेसह १२ हव्यात, उरल्यात ९. संदेश दोन तुकड्यांत मोडतो, दुप्पट मोजला जातो, आणि गर्दीच्या जाळ्यात एखादा तुकडा उशिरा पोचतो. मग लिहिणारा वेळच गाळून टाकतो. माझ्या मते गाळायची ती ‘सुरक्षित जागी जावे’ अशी मोघम वाक्यं. वेळ कधीच गाळू नये.

टंकाचंही एक जुनं दुखणं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडं बरीच वर्षं काम चाललं ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फाँटवर. तो फाँट समोरच्याकडं नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. यावर लोकांनी उपाय काढला, मजकुराचं चित्रच पाठवायचा. सवय आजही टिकून आहे. चित्रात शोधता येत नाही, दुरुस्ती करता येत नाही, आणि कातरताना पहिली कापली जाते ती तारीख.

(दृश्य: जुना शिवाजी पूल, शेजारी नवा पूल.)

व्हॉट्सअ‍ॅपवर ही कापलेली तारीख महागात पडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. त्या दोन वर्षांची दृश्यं दर पावसाळ्यात ‘आत्ताची’ म्हणून फिरतात. ओळखायची कशी? शिवाजी पुलाचं दृश्य असेल तर दगडी कमानींच्या पुलाशेजारी नवा पूल दिसतो का बघा. जिथून तो दिसायला हवा तिथून दिसत नसेल, तर चित्र तो पूल होण्याआधीचं. दुसरी गोष्ट आकड्याची. ४३ फूट १० इंच कुणीतरी ४३.१० असं लिहितो, पुढचा ते दशांश म्हणून वाचतो. दशांशात ४३.१ म्हणजे ४३ फूट आणि जेमतेम सव्वा इंच. पावणेनऊ इंचांचं पाणी एका टिंबात नाहीसं झालं. फूट आणि इंच हे शब्द लिहायलाच हवेत. तिसरी गोष्ट पंचगंगेच्या वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाची. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ एवढ्यानं काही कळत नाही. ते स्वयंचलित दरवाजे आहेत, एकूण सात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी येतं, सातही उघडले तर दहा हजाराच्या घरात जातं. किती दरवाजे, किती वाजता, हे नसेल तर संदेश पुढं ढकलू नये.

व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं संदेश पुढं पाठवण्यावर भारतात २०१८ मध्ये एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशाला एकाच चॅटची. वेग कमी झाला. सांगतंय कोण, हा प्रश्न तिथंच राहिला.

(दृश्य: पुराच्या पाण्यातला टॉवर, बंद महामार्ग.)

आणि महापुरात हे सगळं मुळातूनच बंद पडू शकतं. उपकेंद्रात पाणी शिरलं की वीज तोडावी लागते. टॉवर काही तास बॅटरीवर तगतो, मग जनरेटरवर. जनरेटरला डिझेल लागतं आणि २०१९ सारखा पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद असला, तर टँकर येणार कुठून? टॉवर चालू असेपर्यंत मात्र सेल ब्रॉडकास्ट फार कामाचं आहे. २०२३ मध्ये देशभर त्याच्या चाचण्या झाल्या, फोन एकदम भोंग्यासारखे वाजले ते हेच. यात फोन नंबर लागत नाहीत. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले सगळे फोन एकाच वेळी ऐकतात, त्यामुळं जाळं तुंबत नाही. बंद फोनला मात्र ते पोचत नाही.

(दृश्य: तालमीच्या वळचणीखालचा वार्ताफलक, खडूनं लिहिणारा हात.)

म्हणून नदीकाठच्या गावानं मेअखेरीस काही कामं उरकून घ्यावीत. कर्ण्याची बॅटरी पूर्ण चार्ज करून भाराखाली, म्हणजे कर्णा चालवून, तपासायची. कर्ण्यात ओल गेली असेल तर पडदा घरघरतो, तो आधीच बदलून घ्यायचा. मळ्यातल्या वस्त्यांची यादी कागदावर काढायची आणि प्रत्येक वस्तीला जाणारा माणूस नावानिशी ठरवायचा. वार्ताफलक पावसाची झड लागणार नाही अशा वळचणीखाली टांगायचा, कारण ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही. फलकावर बंधाऱ्याचं नाव, फूट-इंच, तारीख-वेळ आणि लिहिणाऱ्याचं नाव. नवा आकडा आला म्हणून जुना पुसायचा नाही, त्याच्याखाली लिहायचा. तीन आकडे वेळेसह एकाखाली एक दिसले की नदी चढतेय का उतरतेय, आणि किती वेगानं, हे वाचणाऱ्याला कुणाला न विचारता कळतं.