डबल डेकरचा जिना

नमस्कार श्रोतेहो.

लालबागला आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोन बेस्टवाले भिंतीला भिंत लावून राहायचे. एक माझे वडील, ते ड्रायव्हर. दुसरे पलीकडच्या खोलीतले काका, ते कंडक्टर. दोघांची पहिली पाळी असली की पहाटे जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज यायचा आणि आम्ही मुलं कूस बदलायचो. वडील दिवसभर स्टीअरिंगमागे बसलेले. काका दिवसभर उभे, गर्दीतून वाट काढत, चिमटा वाजवत तिकिटं फाडणारे. काका सडपातळ आणि चपळ, वडिलांचं पोट सुटलेलं.

काका ५४व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वडील ८१ वर्षं जगले.

पुढे मी डॉक्टरकीला गेले. तिथे पीएसएम म्हणून एक विषय असतो, रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र. एका तासाला सरांनी लंडनच्या बसगाड्यांवरचं जुनं संशोधन शिकवायला घेतलं. मी हात वर केला आणि भर वर्गात म्हटलं, सर, हे खरं नाही, आमच्या घरी नेमकं उलटं झालंय.

ते संशोधन काय होतं, ते आधी सांगते. जेरी मॉरिस हे ब्रिटनमधले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे हृदयविकाराचे रुग्ण वाढत चालले होते आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. याचा माणसाच्या कामाशी काही संबंध असेल का, असं मॉरिसना वाटलं. १९४९पासून त्यांनी वेगवेगळ्या कामधंद्यांतल्या माणसांच्या आजारपणाच्या नोंदी जमवायला घेतल्या. त्यात लंडनच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेत काम करणारे ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष होते. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच खात्यातले, एकाच गाडीवरचे, राहणीमानही साधारण सारखं. एक जण पाळीभर बसलेला. दुसरा डबल डेकरचा जिना वर-खाली करणारा, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उतारवयात होतो, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी असतं. टपालखात्यातही तसंच दिसलं. पायी आणि सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन एकीकडे, खुर्चीवरचे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर दुसरीकडे.

इथवरची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. मला त्यापुढची जास्त मोलाची वाटते.

मॉरिस स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन थांबले नाहीत. त्यांनी बसखात्याकडून कामगारांच्या गणवेशाची मापं मागवली. खात्याकडे प्रत्येकाच्या पँटच्या कमरेचा घेर लिहिलेला होता! त्यातून दिसलं की ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी, आणि ती तरुण ड्रायव्हरांचीही मोठी. म्हणजे अंगानं स्थूल असलेली माणसंच आधीपासून ड्रायव्हरकीकडे वळत असतील का? तसं असेल, तर जिन्याला श्रेय कशाला द्यायचं? १९५६ साली त्यांनी ही शंका स्वतःच जाहीर छापली. पुढे सारख्या बांध्याचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी ठेवून पाहिलं, बारीक बारकांशी, जाडे जाड्यांशी. फरक तरी उरलाच. मग सरकारी अधिकाऱ्यांकडे वळले. सगळे टेबलावर बसणारे, तेव्हा कामाचा प्रश्नच मिटला. सोमवारी सकाळी त्यांना आदल्या शुक्रवार-शनिवारचा हिशेब लिहायला सांगितला: किती चाललात, पोहलात, बागेत खणलंत. तेही हजारो माणसांना विचारलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. ज्यांच्या हिशेबात दमवणारा व्यायाम होता, त्यांच्यात हृदयविकार कमीच निघाला. मॉरिस ९९ वर्षं जगले, हे खरं आहे. पण ते पुरावा म्हणून मी सांगणार नाही. का, ते लगेच कळेल.

माझ्या त्या प्रश्नावर सर रागावले नाहीत. म्हणाले, “तुझ्याकडे दोन माणसं आहेत, मॉरिसकडे एकतीस हजार होती. आता घरी जा आणि काकांची उरलेली माहिती आण.”

मी काकूंजवळ जाऊन बसले. काका चौदाव्या वर्षापासून तंबाखू खायचे. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ, दोघंही असेच पन्नाशीत अचानक गेलेले. आणि एक गोष्ट तर मी लहानपणापासून रोज बघत होते, तरी कधी लक्षात घेतली नव्हती. लंडनच्या डबल डेकरवर एकच कंडक्टर. आपल्या मुंबईच्या डबल डेकरवर दोन असायचे, एक वर, एक खाली. आमचे काका खालचे. तो जिना त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नव्हता.

श्रोतेहो, “आमचे आजोबा आयुष्यभर विड्या ओढायचे, नव्वद वर्षं जगले” हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते खोटं नसतं. पण एका माणसाचं काय होईल, हे लोकसंख्येचं संशोधन सांगतच नाही. हजारांतल्या कितीजणांचं काय होईल, हे ते सांगतं. पावसाळ्यात दादरच्या सखल भागातल्या एखाद्या दुकानात पाणी शिरत नाही, म्हणून दादरला पाणी तुंबत नाही असं कुणी म्हणेल का?

१९८५ साली जेफ्री रोझ या ब्रिटिश डॉक्टरांनी हाच विचार आणखी पुढे नेला. ते म्हणाले, प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. या माणसाला रक्तदाब का झाला, हा एक. या अख्ख्या समाजात रक्तदाब एवढा का आहे, हा दुसरा. दवाखान्यात आपण फक्त पहिला विचारतो. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा दवाखान्याबाहेर असतं: मिठात, जिन्यात, फुटपाथवर.

आता मुंबईकडे येऊ. २०२१ साली महापालिकेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं १८ ते ६९ वयाच्या सुमारे सहा हजार मुंबईकरांची पाहणी केली. शंभरातल्या ३४ जणांना उच्च रक्तदाब. उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीला पोचलेले शंभरात १८. तुमच्या लोकलच्या डब्यात आत्ता जितकी माणसं उभी आहेत, त्यांना हा हिशेब लावून बघा. यातल्या अनेकांना आपल्याला काही झालंय हे माहीतही नसतं, कारण बीपी दुखत नाही आणि साखर बरीच वर्षं गप्प बसते.

“मी तर बारीक आहे” हे उत्तरही मला रोज ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा १९९३पासून अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना वजनानं कमी, पण त्या मानानं अंगात चरबी जास्त, हे त्यांनी दाखवून दिलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटोच ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. खाली मोकळेपणानं लिहिलेलं, की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. तेव्हा आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेला गुंडाळायची टेप जास्त खरं बोलते.

मी स्वतः अशा पाहण्यांसाठी परळ, वडाळा, मानखुर्द भागात खूप हिंडले आहे. सुरुवातीला आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असायचा: तुम्ही व्यायाम करता का? परळच्या एका चाळीत चौथ्या मजल्यावर एका बाईंना मी तो विचारला. त्या “नाही” म्हणाल्या आणि मी ‘नाही’वर खूण केली. बोलता बोलता त्या दोनदा खाली जाऊन आल्या, कारण पाण्याची वेळ होती आणि वरच्या नळाला धार येत नव्हती. भरलेली कळशी कमरेवर, चार जिने. माझ्या फॉर्मवर त्या ‘निष्क्रिय’ ठरल्या होत्या! त्या दिवशी मला माझ्या प्रश्नाचीच लाज वाटली.

आता वापरात असलेल्या प्रश्नावली वेगळ्या असतात. कामावरचे आणि घरातले श्रम किती, येण्याजाण्यात पायी किती, मोकळ्या वेळातला व्यायाम किती, आणि बसून किती वेळ जातो, हे सगळं वेगवेगळं विचारतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या मधुमेह अभ्यासातही असंच विचारलं. त्यातले देशातल्या चार प्रदेशांचे आकडे २०१४ साली आले. महाराष्ट्र त्यात होता. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, आणि मोकळ्या वेळात व्यायाम करणारे शंभरात दहासुद्धा नव्हते. म्हणजे आपल्याकडे जी हालचाल होती ती बहुतेक कामातून आणि चालत जाण्यातून येत होती. गिरणगावातल्या माणसाला व्यायाम करायला सांगण्याची गरज नव्हती. गिरण्या गेल्या. चाळींचे टॉवर झाले, त्यांना लिफ्ट आली. पाणी घरात आलं, ते यायलाच हवं होतं. कळशीचं कौतुक मी करणार नाही, तिनं कितीतरी बायकांची कंबर मोडली आहे. पण अंगातली जी मेहनत गेली, तिच्या जागी आपण काय आणलं? काहीच नाही.

देशाचे आकडे २०२४ साली प्रसिद्ध झाले. २०००मध्ये पुरेशी हालचाल नसलेले भारतीय प्रौढ सुमारे २२ टक्के होते. २०२२मध्ये ते ४९ टक्क्यांवर गेले. पुरुष ४२, स्त्रिया ५७. या पंधरा टक्क्यांच्या फरकाला कुणी बायकांचा आळस म्हणालं, तर मी भांडायला उभी राहीन. नोकरी, त्यानंतर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आणि मग रात्री साडेनऊला तिनं चालायला जायचं म्हटलं तर कुठे? फुटपाथवर खणलेलं आहे, नाहीतर दुचाक्या लावलेल्या आहेत. दिवे नाहीत. शिवाजी पार्कचा कट्टा किंवा मरीन ड्राइव्ह ज्यांना जवळ आहे ते भाग्यवान. मानखुर्दच्या इमारतींमधून तिथे कोण कसं जाणार? सपाट, उजेडाचा, मोकळा फुटपाथ हे माझ्या दृष्टीनं मधुमेहाचं औषध आहे, आणि ते वॉर्ड ऑफिसनं द्यायचं आहे. नगरसेवकाकडे मागताना ते तसंच मागा.

किती चालायचं, हे बरेच जण विचारतात. रोज दहा हजार पावलं, हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. २०१९ साली साधारण सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांच्या अभ्यासात दिसलं की दिवसाला २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, तीही सलग नकोत. एक स्टेशन आधी उतरा. तीन मजल्यांपर्यंत लिफ्टचं बटण दाबू नका. अर्थात गुडघे आणि छाती ठीक असेल तर, नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

याचा उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर तपासून पाहिलं आणि २००६ साली छापलं. नेहमीसारखाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं यांचा पाठपुरावा केलेल्या गटात ३९ जणांना. सोळा माणसं वाचली. ती सोळा कोण, हे त्यांना स्वतःला कधीच कळणार नाही. टाळलेला आजार दिसत नसतो.

हे सगळं कळलं ते हजारो अनोळखी माणसांनी दार उघडून उत्तरं दिली म्हणून. मुंबईत १९९०च्या दशकात मतदारयाद्या हातात घेऊन दीड लाखाच्या आसपास माणसांना गाठलं गेलं, आणि तंबाखू या शहरात किती जीव घेते हे त्यातून पुराव्यानिशी मांडता आलं. कडक पहारा असलेल्या वरच्या थरातल्या सोसायट्या त्यात नव्हत्या, कारण तिथे आत शिरणंच अवघड होतं. माझाही अनुभव हाच आहे. चाळीत चहा मिळतो, टॉवरमध्ये वॉचमन अडवतो.

तेव्हा तुमच्या दारावर कधी आरोग्य सेविका फॉर्म घेऊन आली, तर आधी तिचं ओळखपत्र जरूर बघा. मग तिला पाचदहा मिनिटं द्या. तंबाखू खात असाल तर हो म्हणा, चालत नसाल तर नाही म्हणा, आणि पाणी भरत असाल, म्हाताऱ्या सासूला उचलून बसवत असाल, तर तिनं विचारलं नाही तरी तेही सांगा. आणि तिला पाणी विचारा. बहुतेक वेळा ती सगळे मजले पायीच चढून आलेली असते.

नमस्कार.