कॉलर चावणारं मूल काय मागतंय?

कॉलर ओली आहे, तिच्या कडेचे दोरे सुटलेत. पेन्सिलीच्या टोकावर दातांचे व्रण. खुर्ची मागच्या दोन पायांवर डुलतेय. ‘नीट बस’ हे या मुलाने आज कितीदा ऐकलं असेल! त्याच्या शरीराला काहीतरी हवंय आणि ते मिळेल तिथून घेतंय.

पाच ज्ञानेंद्रियं आपल्याला पाठ असतात. इथे आणखी दोन जाणिवा कामाच्या: स्नायू आणि सांध्यांतून येणारी जोराची जाणीव, आणि आतल्या कानातली तोलाची. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ, जीन एअर्स यांनी १९७२च्या पुस्तकात स्पर्शासोबत या दोघींवर भर दिला.

गरगर फिरणारं मूल पाहा. सुरुवातीला आतल्या कानातला द्रव मागे राहतो, म्हणून फिरल्याचं जाणवतं. वेग एकसारखा राहिला की काही सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो आणि जाणीव विरते. मग मूल थबकतं, उलटं फिरतं, की पुन्हा मजा! चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळलं, तर मात्र तिथेच थांबवा. हा त्रास कधीकधी उशिरानेही होतो.

आधी आठवडाभर नोंद ठेवा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, आणि नंतर ते शांत झालं की जास्तच उधळलं. हा शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. फिरण्याने बरीच मुलं चेकाळतात, म्हणून झोपायच्या वेळी ते नको. जोर लावायच्या कामाने बहुतेक मुलं स्थिरावतात.

अभ्यासाआधी पाच ते दहा मिनिटं द्या. भिंतीला दोन्ही तळवे टेकवून ढकलणं, पाच आकडे मोजेपर्यंत, असं दहा वेळा. मग हातापायांवर रांगत खोलीची फेरी. पुस्तकांची पिशवी उचलायची तर वीस किलोच्या मुलाला एक किलो पुरे.

चूक होते ती वेळेची. मूल उधळल्यावर हे सुरू केलं तर त्याला ऐकूच येत नाही. आणि शिक्षा म्हणून खेळ बंद करणं म्हणजे नेमकी गरजेची गोष्टच काढून घेणं.

कॉलर नुसती ओढून काढू नका, चावायला सुरक्षित वस्तू द्या. माती, खडू, कागद पोटात जात असेल तर डॉक्टरांकडून रक्तातलं लोह तपासून घ्या. अंगावर दाब देऊन शांत करायला वापरतात ते वजनदार पांघरूण थेरपिस्टला विचारल्याशिवाय नको. लहान मुलाला ते स्वतःहून बाजूला सारता येत नाही.